पाणी तपासणीचा अहवाल कसा वाचावा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या प्रयोगशाळेचा अहवाल हाती पडल्यावर बहुतेक ग्राहक आधी टीडीएसचा आकडा पाहतात आणि तो कमी दिसला की निश्चिंत होतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण. त्यावरून चवीचा अंदाज येतो; पाण्यात रोगजंतू आहेत की नाहीत, हे मात्र मुळीच कळत नाही. अहवाल ई-कोलायच्या ओळीपासून वाचावा, अशी आमची विनंती आहे. हे जिवाणू माणसांच्या व प्राण्यांच्या आतड्यांत राहतात, त्यामुळे ते सापडले की पाण्याला विष्ठेचा संसर्ग झाला आहे असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १०० मिलिलिटर नमुन्यात ते आढळता कामा नयेत.

त्यानंतरची ओळ उर्वरित मुक्त क्लोरीनची, आणि आमच्या मते सर्वाधिक दुर्लक्षित. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीने गाळ खाली बसवून व वाळूच्या थरांतून पाणी गाळून घेतल्यावर त्यात क्लोरीन मिसळतात, त्याला किमान ३० मिनिटे काम करू देतात आणि तरीही थोडा क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवतात, कारण शुद्ध झालेले पाणी पुढच्या वाटेवर पुन्हा दूषित होऊ शकते. पुरवठा बंद असताना वाहिनीतील दाब उतरतो आणि गळक्या सांध्यांतून आजूबाजूचे घाण पाणी आत ओढले जाते. म्हणून नळाशी हे प्रमाण प्रतिलिटर ०.२ मिलिग्रॅम तरी असावे. क्लोरीनच्या वासाची तक्रार पुष्कळजण करतात; तो वास अचानक नाहीसा झाला, तर चौकशी करणे अधिक शहाणपणाचे.

याच कारणासाठी आम्ही शक्यतो दोन नमुने घेतो : एक मुख्य वाहिनीवरून थेट येणाऱ्या नळाचा आणि दुसरा इमारतीच्या टाकीतून येणाऱ्या नळाचा. पहिल्यात क्लोरीन पुरेसा असून दुसऱ्यात तो नसेल, तर आधी टाकी पाहावी : झाकण नीट बसते का, तळाशी गाळ साचला आहे का, पाणी दिवसेंदिवस पडून राहते का. दोन्हींत क्लोरीन नसेल, तर दोष टाकीच्या अलीकडचा आहे आणि अहवालाची प्रत पाणीपुरवठा विभागाकडे द्यावी.

ई-कोलाय आढळल्यास दोष दूर होईपर्यंत पिण्याचे पाणी खळखळून उकळावे. खळखळ सुरू झाल्यावर एक मिनिट पुरते, उंच डोंगराळ भागात तीन मिनिटे. नायट्रेट, फ्लोराइड किंवा आर्सेनिक यांवर उकळण्याचा उपयोग होत नाही, उलट वाफ निघून गेल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते. (ग्लासातले पांढुरके पाणी तळाकडून वर स्वच्छ होत गेले, तर ते केवळ हवेचे बुडबुडे असतात, त्यासाठी तपासणीचा खर्च करू नये.)

नमुना चुकीचा घेतला, तर अहवालही चुकतो. जिवाणूंच्या तपासणीसाठी नळाची जाळी काढावी, तोटी निर्जंतुक करून पाणी दोन-तीन मिनिटे वाहू द्यावे आणि मगच बाटली भरावी. शिशासाठी याउलट, रात्रभर नळात थांबलेले सकाळचे पहिले पाणी लागते. क्लोरीन लवकर उडून जात असल्याने त्याचे मापन आमचे कर्मचारी जागेवरच करतात. जिवाणूंच्या नमुन्याची बाटली थंड ठेवून त्याच दिवशी आमच्याकडे पोहोचवावी. त्या बाटलीत असलेले रसायन पाण्यातील क्लोरीन निष्प्रभ करण्यासाठी घातलेले असते, म्हणून बाटली आधी विसळू नये.