मॉर्मन पायोनियर पूर्वजाचा शोध: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

अमेरिकेतील यूटा राज्यातल्या अनेक जुन्या कुटुंबांत ‘आमचे खापरपणजोबा पायोनियर होते’ हे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. हेच कागदोपत्री सिद्ध करायचे असेल, तर पायोनियर नेमके कोणाला म्हणतात हे आधी पाहावे लागते. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे नेते ब्रिगहॅम यंग यांचा पहिला तांडा जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचला आणि १० मे १८६९ रोजी यूटातल्याच प्रॉमॉन्टरी येथे पूर्व-पश्चिम रेल्वेमार्ग जोडला गेला. या दोन घटनांच्या दरम्यान बैलगाडीने, हातगाडी ओढत किंवा पायी यूटात आलेल्या लोकांना पायोनियर मानले जाते. रेल्वेने आलेले पूर्वज कितीही श्रद्धाळू असले, तरी ते या व्याख्येत बसत नाहीत.

१९०१ मध्ये स्थापन झालेल्या ‘डॉटर्स ऑफ यूटा पायोनियर्स’ या संस्थेचे सभासदत्व याच मुदतीवर आधारलेले आहे. अर्जदार स्त्री अठरा वर्षांवरील असावी आणि अशा पूर्वजाची थेट वंशज किंवा कायदेशीर दत्तक वंशज असावी, ही मुख्य अट आहे. वाटेतच मृत्यू पावलेल्या प्रवाशांनाही पायोनियर धरले जाते, आणि ते योग्यच आहे. अर्जदार मॉर्मन चर्चची सभासद असण्याची मात्र आवश्यकता नाही. अर्जाचा चालू नमुना व शुल्क यांची माहिती थेट संस्थेकडूनच घ्यावी.

अर्जाचा गाभा म्हणजे स्वतःपासून त्या पूर्वजापर्यंतची पिढीवार साखळी होय. म्हणून शोध नेहमी स्वतःच्या जन्मदाखल्यापासून सुरू करून मागे मागे जावे. प्रसिद्ध पूर्वजाचे नाव आधी धरून तेथून खाली उतरू लागलात, तर एकाच नावाच्या दोन माणसांची गल्लत होण्याचा धोका फार मोठा असतो. यूटात जन्म-मृत्यूची राज्यव्यापी नोंद १९०५ पासून सुरू झाली. जन्माची नोंद शंभर वर्षांपर्यंत आणि मृत्यूची नोंद पन्नास वर्षांपर्यंत सर्वांसाठी खुली नसते. त्या मुदतीतील प्रत राज्याच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाकडून मागवताना ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा लागतो. त्याहून जुन्या नोंदी राज्याच्या अभिलेखागारात पाहता येतात. मृत्यूदाखल्यावर आईवडिलांची नावे असतात, पण ती दुःखात असलेल्या मुलाने किंवा शेजाऱ्याने आठवून सांगितलेली असतात, हे विसरू नये. १८८७ पूर्वीच्या विवाहांसाठी सरकारी परवान्याची नोंद बहुधा सापडत नाही, त्यामुळे तेथे चर्चची नोंदवही किंवा कुटुंबाच्या बायबलमधील पान हाच आधार उरतो.

जनगणनेचे कागद फार मोलाचे आहेत, पण ते जपून वाचावे लागतात. यूटाची १८५० ची जनगणना प्रत्यक्षात १८५१ मध्ये झाली. त्या पानावर घरातील प्रत्येकाचे नाव, वय व जन्मस्थान आहे, मात्र कुटुंबप्रमुखाशी नाते काय हा रकानाच नाही. १८६० आणि १८७० मध्येही तो नव्हता, १८८० मध्ये तो प्रथम आला. समजा, पानावर चाळीस वर्षांचा पुरुष, त्याखाली अडतीस आणि बावीस वर्षांच्या दोन स्त्रिया आणि नंतर पाच मुले आहेत. धाकटी स्त्री बहीण, मुलगी, आश्रित की दुसरी पत्नी, आणि कोणते मूल कोणाचे, यांपैकी काहीही या पानावरून ठरत नाही. चर्चने बहुपत्नीत्वाची प्रथा १८५२ मध्ये जाहीर केली आणि १८९० च्या जाहीरनाम्यानंतर ती मागे घेतली, त्यामुळे या काळातील मुलांची आई स्वतंत्र पुराव्याने ठरवावीच लागते. घाईत केलेल्या वंशावळींत पहिल्या पत्नीच्या नावावर सगळी मुले टाकलेली आढळतात आणि एका स्त्रीचे अख्खे आयुष्य पुसले जाते. १८९० ची जनगणना आगीनंतर बहुतांशी नष्ट झाल्याने १८८० ते १९०० हे अंतर इतर कागदांनी भरून काढावे लागते.

प्रवासाचा पुरावा मिळवण्यासाठी चर्चचा चरित्रविषयक डेटाबेस सर्वांत उपयोगी आहे. त्यात नाव टाकल्यावर तांडा, निघण्याची व पोहोचण्याची तारीख आणि त्या तांड्यातील लोकांच्या रोजनिश्यांचे दुवे मिळतात. स्त्रियांची नावे माहेरच्या आणि सासरच्या अशा दोन्ही आडनावांनी शोधावीत. काही तांड्यांची यादी अपुरी आहे, म्हणून नाव सापडले नाही एवढ्यावरून पूर्वज आलाच नव्हता असे ठरवू नये. १८४९ मध्ये सुरू झालेल्या ‘पर्पेच्युअल एमिग्रेटिंग फंड’ या चर्चच्या निधीमधून गरीब प्रवाशांना उसने पैसे मिळत आणि न फेडलेल्या कर्जाची नावनिशीवार यादी १८७७ मध्ये छापली गेली. कर्जदार म्हणून छापलेले नाव वंशजांसाठी आज मोठा पुरावा ठरते. १८४० पासून लिव्हरपूलहून निघालेल्या जहाजांच्या याद्याही पाहाव्यात. डॅनिश पूर्वजांच्या बाबतीत आडनाव पिढीगणिक बदलते: येन्सचा मुलगा येन्सन, आणि त्याचे नाव पीटर असेल तर त्याचा मुलगा पीटरसन. म्हणून तेथे आडनावापेक्षा गाव आणि जन्मतारीख धरून पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) नोंदी शोधाव्या लागतात.

मॉर्मन चर्चच्या ‘फॅमिलीसर्च’ या वंशावळीविषयक संकेतस्थळाचे खाते विनामूल्य आहे आणि सॉल्ट लेक सिटीतील त्यांच्या ग्रंथालयातही कोणालाही जाता येते. त्यावरील सामाईक वंशवृक्ष मात्र कोणीही बदलू शकतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळीत आपल्या पूर्वजाने स्वतः सांगून लिहवलेली नोंद असते. या वृक्षातील नोंद पूर्वजानंतर शंभर वर्षांनी कोणीतरी अनोळखी माणसाने भरलेली असू शकते. म्हणून तेथून धागा घ्यावा आणि अर्जाला मूळ कागदाचीच प्रत जोडावी.

या शोधाचा एक धागा आपल्याकडेही येतो. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यू फिंडले हे मॉर्मन धर्मप्रचारक मुंबई आणि पुण्यात काम करत होते. भारतातील त्या काळच्या मॉर्मन सभासदांत प्रामुख्याने युरोपीय लष्करी कुटुंबे होती आणि त्यांपैकी काही पुढे यूटाला गेली. १८४९ मध्ये कलकत्त्यात जन्मलेले आणि पुढे यूटात रेल्वेबांधणीत नाव कमावलेले आल्फ्रेड मॅकून अशाच कुटुंबातले होते. तुमच्या शोधातील पूर्वजाचे जन्मस्थान जनगणनेत ‘ईस्ट इंडीज’ असे लिहिलेले असेल, तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या नोंदींकडे वळावे. तेथे मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी एन/३ या मालिकेत ठेवलेल्या आहेत. मागणी करताना पूर्वजाचे नाव, अंदाजे साल, छावणीचे गाव आणि माहीत असल्यास वडिलांची पलटण लिहून द्यावी.