नेब्युलायझर आणि इनहेलर देण्याचे काळजीवाहक प्रशिक्षण

दमा, सीओपीडी (फुप्फुसांतील श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) आणि तत्सम विकारांत औषध श्वासावाटे द्यावे लागते. घरी, वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयाच्या वॉर्डात रुग्णाजवळ असणाऱ्या काळजीवाहकांना ते सुरक्षितपणे देता यावे, यासाठीचे हे शिक्षण. बोलीभाषेत नेब्युलायझर म्हणजे ‘वाफेचं मशीन’ आणि इनहेलर म्हणजे ‘पंप’. महाराष्ट्रातल्या शहरांत हे काम बहुतेक वेळा ब्युरोकडून आलेली मावशी, वॉर्डातला मामा किंवा घरातली सून करते. तिघांपैकी कोणी नर्सिंग शिकलेले असेलच असे नाही. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, मशीनची पुस्तिका इंग्रजीत आणि रात्री दोन वाजता धाप लागलेली आजी समोर, अशा स्थितीत हे शिक्षण कामी यायचे असते.

‘वाफ’ हा शब्द

शिकवण्याची पहिली अडचण शब्दापासूनच सुरू होते. नेब्युलायझरच्या मास्कमधून पांढरा धूर येतो, म्हणून त्याला वाफ म्हणायचे. पण ती वाफ नव्हे. पाणी तापवून वाफ होते. नेब्युलायझरमध्ये काहीच तापत नाही. दाबाखालची हवा द्रव औषधाचे बारीक तुषार करते आणि ते १ ते ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे असले तरच खोल श्वासनलिकांपर्यंत पोहोचतात. याहून मोठे थेंब घशात अडकतात आणि गिळले जातात.

हा फरक न कळल्यामुळे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. सर्दीला वाफारा देतात त्या सवयीने मशीनच्या कपात नळाचे पाणी घालणे, निलगिरीचे दोन थेंब टाकणे, बाम विरघळवणे. साध्या पाण्याच्या तुषारांनी दमेकऱ्याची श्वासनलिका आणखी आवळते, आणि तेल फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. उलट ‘साधी वाफच तर आहे’ असे समजून औषध दिवसातून पाच-सहा वेळा देणारेही असतात. म्हणून चांगला प्रशिक्षक मशीन उघडण्याआधी एवढेच पक्के करतो की कपात जे आहे ते औषध आहे. गोळीला जसा डोस आणि वेळ असते तशी यालाही असते.

पार्श्वभूमी

धाप लागल्यावर धोत्र्याच्या पानांचा धूर ओढण्याची रीत भारतात जुनी आहे. १८०२ च्या सुमारास मद्रासेतून ती ब्रिटनमध्ये गेली आणि तिथे शतकभर दम्याच्या सिगारेटी खपल्या. धोत्र्यात अ‍ॅट्रोपिनसारखी द्रव्ये असतात. आजच्या नेब्युलायझरमधले इप्राट्रोपियम हे अ‍ॅट्रोपिनपासूनच बनवलेले आहे. ही केवळ गंमत नव्हे: धोत्र्याने डोळ्याची बाहुली विस्फारते हे ज्याला ठाऊक आहे त्याला इप्राट्रोपियमचे तुषार डोळ्यांत का जाऊ द्यायचे नाहीत हे वेगळे सांगावे लागत नाही.

द्रवाचे तुषार करणारे सुटसुटीत यंत्र फ्रान्समध्ये सेल-जिरोन यांनी १८५८ मध्ये बनवले. दाबाने फवारणारा, मोजून डोस देणारा पंप १९५६ मध्ये अमेरिकेतील रायकर कंपनीने आणला. कंपनीच्या प्रमुखाच्या दमेकरी मुलीने ‘केसांच्या फवाऱ्यासारखं औषध का नसतं’ असे विचारले, ही त्यामागची कथा प्रसिद्ध आहे. श्वासनलिका झटपट मोकळी करणारे साल्ब्युटामोल १९६९ मध्ये बाजारात आले. औषधे आणि साधने त्यानंतर पुष्कळ सुधारली, वापरणारा हात मात्र तिथेच राहिला. १९७५ ते २०१४ या काळातील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जेमतेम ३१ टक्के रुग्ण इनहेलर बरोबर वापरताना आढळले आणि चाळीस वर्षांत त्यात सुधारणा दिसली नाही. डॉक्टर-नर्सच्या तंत्राचा असाच आढावा २०१८ मध्ये आला. त्यात अचूक वापराचे प्रमाण सुमारे १५ टक्केच निघाले. म्हणजे शिकवणाऱ्याचाही हात आधी तपासून घ्यावा लागतो.

पंप आणि स्पेसर

पंपाचे तंत्र सांगायला अर्धा मिनिट पुरतो आणि जमायला आठवडा लागतो. झाकण काढा, आत काही अडकले नाही ना पाहा, हलवा, रुग्णाला पूर्ण श्वास सोडू द्या, ओठ घट्ट मिटा, सावकाश श्वास ओढायला सुरुवात करतानाच दाबा, मग दहा सेकंद श्वास रोखा. दुसरा पफ (एकदा दाबल्यावर येणारा फवारा) द्यायचा तर मध्ये अर्धा ते एक मिनिट थांबा. अवघड भाग म्हणजे दाबणे आणि ओढणे यांचा मेळ. ऐंशी वर्षांच्या, बोटे आखडलेल्या माणसाला तो साधत नाही आणि दुसऱ्याने दाबले तर मुळीच साधत नाही. काळजीवाहक दाबणार आणि रुग्ण ओढणार असेल, तर मध्ये स्पेसर हवाच. पारदर्शक नळकांड्यासारख्या या साधनात पफ सोडायचा आणि रुग्णाने नेहमीच्या गतीने पाच-सहा श्वास घ्यायचे. लहान मूल, स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती किंवा ओठ मिटता न येणारा रुग्ण असेल तर स्पेसरला मास्क जोडतात. एका वेळी एकच पफ. ‘लवकर उरकावं’ म्हणून दोन-तीन पफ एकदम सोडले की औषध नळकांड्याच्या भिंतींना चिकटते.

स्पेसर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून धुवावा आणि तसाच निथळत ठेवावा. फडक्याने लख्ख पुसणे हे इथे नुकसानीचे. घासल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषधाचे कण तिलाच जाऊन चिकटतात. स्वच्छतेची हौस असलेल्या मावशींना हे पटवणे फार जड जाते.

पंप संपला की नाही हे पाहायला डबी पाण्यात सोडून ती तरंगते का बघण्याची पद्धत अजून टिकून आहे. ती भरवशाची नाही, शिवाय पाणी तोंडाशी साचून ती चोंदते. मोजणीची खिडकी नसलेल्या पंपावर सुरू केल्याची तारीख लिहावी: २०० पफांचा पंप, रोज चार पफ, म्हणजे पन्नास दिवस. त्यापुढे नुसता वायू फुसफुसतो आणि रुग्णाला वाटते औषध चालले आहे.

आराम देणारा पंप आणि रोज घ्यायचा, सूज आटोक्यात ठेवणारा स्टिरॉइडचा पंप यांतली गल्लत ही नेहमीची. कंपनीगणिक रंग बदलतात, म्हणून रंगावर न जाता नाव वाचायला शिकवावे. इंग्रजी वाचता येत नसेल तर डबीवर मराठीत ‘रोज’ आणि ‘धाप लागली तर’ अशा चिठ्ठ्या चिकटवाव्यात. स्टिरॉइडनंतर चूळ भरून थुंकायला लावायची, नाही तर तोंडात पांढरा बुरशीचा थर येतो.

कोरड्या पुडीची साधने

भारतात रोटाहेलरसारखी, कॅप्सूलमधली औषधाची पूड श्वासाने ओढायची साधने फार वापरली जातात. त्यांचे गणित पंपाच्या उलट आहे. पंपाला सावकाश श्वास हवा, पुडीला जोरकस. एकाच रुग्णाकडे दोन्ही असतील तर घोटाळा होणारच. कॅप्सूल गिळून टाकणारे रुग्ण प्रत्येक छातीच्या डॉक्टरने पाहिलेले असतात. कॅप्सूल म्हटल्यावर ती गिळायची, ही समजूत स्वाभाविकच आहे. साधनात श्वास सोडू नये, ओल्या हाताने कॅप्सूल धरू नये, ती पाकिटातून आयत्या वेळी काढावी. कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली कॅप्सूल दमट होते आणि पुडीचा गोळा बनतो. ज्याच्यात जोरात ओढायची ताकदच नाही त्याला हे साधन देऊन उपयोग नाही. हे काळजीवाहकाने ठरवायचे नसते, पण डॉक्टरांच्या कानावर तोच घालू शकतो.

नेब्युलायझर

इथे यंत्र सोपे आणि धोके जास्त. पंपाच्या एका पफमध्ये साल्ब्युटामोल १०० मायक्रोग्रॅम असते, तर नेब्युलायझरच्या एका कुपीत २.५ मिलिग्रॅम, म्हणजे पंचवीस पट. त्यातले बरेचसे हवेत आणि कपात वाया जाते हे खरे, तरीही हात थरथरणे, छाती धडधडणे, रक्तातले पोटॅशियम उतरणे हे परिणाम नेब्युलायझरने अधिक दिसतात. दुसरीकडे, फार गंभीर नसलेल्या झटक्यात स्पेसरमधून दिलेले पफ नेब्युलायझरइतकेच लागू पडतात, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. नातेवाइकांना मात्र मशीन घरघरले की उपचार झाल्यासारखे वाटते. वीज गेली की मशीन बंद, म्हणून पंप आणि स्पेसर उशाशी असलेच पाहिजेत.

प्रत्यक्ष शिकवणी अशी चालते. टेबलावर तीन-चार प्लास्टिकच्या कुप्या ओळीने ठेवायच्या: साल्ब्युटामोल, इप्राट्रोपियमसोबतचे मिश्रण, ब्युडेसोनाइड (स्टिरॉइड), नुसते सलाइन (निर्जंतुक मिठाचे पाणी). सगळ्या जवळजवळ सारख्या दिसतात आणि नाव प्लास्टिकवरच उठवलेले असते, तेही पारदर्शक. शिकणाऱ्याने कुपी खिडकीशी नेऊन उजेडात तिरकी धरायची, नाव मोठ्याने वाचायचे, चिठ्ठीशी ताडायचे, मुदत पाहायची, आणि मगच मान मोडायची. रात्री झोपेत हेच करायचे आहे, म्हणून दिवे घालवूनही एकदा करून घ्यावे.

रुग्णाला सरळ बसवायचे. आडवे ठेवून देणे चूक. कपात साधारण चार मिलिलिटर द्रव हवा; कुपी लहान असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सलाइनने भरून घ्यायची. कप उभा धरायचा, कारण तिरका झाला की नळीचे तोंड द्रवाबाहेर येते. पाच ते दहा मिनिटांत मशीन अडखळू लागते. कपाला टिचकी मारून उरलेले थेंब खाली आणायचे आणि फक्त फुर्रफुर्र उरली की थांबायचे. तोंडात धरायची नळी जमत असेल तर मास्कपेक्षा ती बरी. इप्राट्रोपियम असेल तेव्हा विशेषतः, कारण सैल मास्कमधून तुषार डोळ्यांत गेले तर काचबिंदूचा तीव्र झटका येऊ शकतो. बाळाच्या तोंडासमोर मास्क नुसता धरून ठेवला की औषध हवेतच जाते, आणि रडत्या बाळाला औषध कमी पोहोचते. त्याला शांत करण्यात गेलेली पाच मिनिटे वाया जात नाहीत. ब्युडेसोनाइड अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये (हवेच्या दाबाऐवजी ध्वनिकंपनांनी तुषार करणाऱ्या) घालायचे नाही, कारण ते विरघळलेले नसून तरंगते असते.

ऑक्सिजनचा मुद्दा वेगळा आणि घातक. दम्याच्या तीव्र झटक्यात रुग्णालयात ऑक्सिजनवर नेब्युलायझर चालवतात, पण जुन्या सीओपीडीच्या काही रुग्णांत जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साचतो आणि माणूस गुंगीत जातो. अशांसाठी बोटावरच्या यंत्रात ८८ ते ९२ हा आकडा पुरेसा धरतात. तो पाहून घाबरून घरातला ऑक्सिजन वाढवणे ही प्रेमापोटी होणारी चूक आहे.

द्यायचे की बोलवायचे

आधी आणि नंतर नाडी, श्वासांची मिनिटातली संख्या, ऑक्सिजनचा आकडा आणि रुग्ण किती शब्द सलग बोलतो हे वहीत लिहायचे. सलग वाक्य न बोलता येणे, ओठ निळसर पडणे, गुंगी, गोंधळलेपण यांतले काहीही दिसले तर १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत ठरवून दिलेले औषध चालू ठेवायचे. घरघर एकदम थांबली आणि माणूस तरीही धापतोच आहे, हे सर्वांत वाईट लक्षण. हवा आत-बाहेर होईनाशी झाली की आवाजही होत नाही. चार तासांनी द्यायचे औषध दोन तासांतच लागू लागले, तर डोस वाढवायचा नाही, डॉक्टरांना कळवायचे.

स्वच्छता

कप, मास्क आणि तोंडाची नळी प्रत्येक वापरानंतर धुऊन उघड्यावर वाळवायची. लांब नळी धुवायची नाही. आत दमट झाली तर मशीन रिकामे चालवून वाळवायची. मेश मशीनच्या (बारीक छिद्रांच्या जाळीतून तुषार करणाऱ्या) जाळीला बोट लावायचे नाही. वृद्धाश्रमात प्रत्येकाचा मास्क नावानिशी वेगळा हवा. मशीन एक आणि मास्कही एकच, हा काटकसरीचा प्रकार क्षयरोगाच्या देशात परवडणारा नाही. तुषार देताना खिडकी उघडी ठेवावी.

व्यवस्था

भारतात हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ आणि ‘होम हेल्थ एड’ अशा कामांची शिक्षणमानके ठरवली आहेत. कोविडच्या काळात, १८ जून २०२१ रोजी, एक लाख आघाडीच्या कर्मचाऱ्यांसाठी केंद्राने लघु अभ्यासक्रम सुरू केला. त्यातल्या सहा कामांपैकी एक घरच्या काळजीचे होते. पण घराघरांत काम करणाऱ्यांपैकी अनेक जणी कोणतेही प्रमाणपत्र न घेता, आधीच्या मावशीकडून पाहून शिकलेल्या असतात. पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनसारख्या संस्थांनी चुलीच्या धुरामुळे, बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांनाही सीओपीडी होतो हे ठसवले. म्हणजे ज्या वस्तीतून या मावश्या येतात तिथेच हा आजारही आहे आणि काही जणी स्वतःच पंप वापरणाऱ्या असतात. शिकवताना त्यांचा अनुभव कामी येतो, त्यांच्या चुकाही सोबत येतात.

इंग्लंडमध्ये औषध देण्याचे काम काळजीवाहकाकडे सोपवताना त्याला शिकवून त्याची क्षमता तपासावी, असे २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथला व्हिसा काळजीवाहकांना खुला झाल्यावर भारतातून अनेक जण गेले. जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी भरती थांबली. तिकडच्या तपासणीत लेखी प्रश्नांपेक्षा प्रत्यक्ष करून दाखवण्याला वजन असते: शिकणारा औषध देतो, तपासणारा गप्प बसून पाहतो.

इथेही तीच पद्धत उपयोगी पडते. औषध नसलेला सरावाचा पंप हातात देऊन मावशींना ‘मला शिकवा’ म्हणायचे. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा जाऊन तेच करायचे, कारण शिकलेले तंत्र काही आठवड्यांत ढिले पडते. पहिल्यांदा विसरले जाते ते बहुधा पंप हलवणे आणि दाबण्याआधी श्वास पूर्ण सोडायला लावणे.