देश ठरल्याशिवाय पोलीस दाखला काढू नका

निवृत्तीनंतर परदेशात राहायला जाणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या ठाणे शहरातल्या कार्यालयात पहिल्या भेटीला येणारी बरीच मंडळी जाडजूड फाइल घेऊन येतात. तीत सगळ्यात वर पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस दाखला, म्हणजे पीसीसी असतो. तुमच्यावर गुन्हा नाही असं सांगणारा हा कागद. मग प्रश्न येतो, "आता सांगा, थायलंड बरं की पोर्तुगाल?"

इथेच वेळ वाया जातो. पीसीसीच्या अर्जातच देशाचं नाव भरावं लागतं आणि दाखल्यावर तेच छापून येतं. पोर्तुगालच्या नावाने काढलेला दाखला थायलंडला उपयोगाचा नाही. शिवाय तो जुना होतो. थायलंडच्या ओ-ए या निवृत्ती व्हिसासाठी पोलीस दाखला आणि वैद्यकीय दाखला, दोन्ही तीन महिन्यांच्या आतले लागतात. देशाचा विचार करण्यात चार महिने गेले की पुन्हा अपॉइंटमेंट, पुन्हा पडताळणी. 500 रुपये शुल्काचं काही वाटत नाही, पण सत्तरीच्या माणसाने तेच हेलपाटे दोनदा का घालावेत?

आधी करून ठेवायचं काम वेगळंच आहे, ते म्हणजे सगळ्या कागदांवरची नावं जुळवणं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि विवाहनोंदणी केलेलीच नाही, असं काकूंच्या बाबतीत हमखास निघतं. नोंदणी आता उशिरानेही करता येते. ती आजच करा. हा कागद शिळा होत नाही.

आता देशाबद्दल. मुलं तिकडे असली तरी अमेरिकेत निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा नाही, आणि ब्रिटनने तो मार्ग 2008 मध्येच बंद केला. थायलंडला वय 50 पूर्ण हवं, आणि बँकेत 8 लाख बात (तिथलं चलन) किंवा दरमहा 65 हजार बात उत्पन्न दाखवावं लागतं. मॉरिशसही 50 च्या पुढच्या निवृत्तांना दीर्घ मुदतीचा परवाना देतं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी समाज आहे, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. आमच्या ग्राहकांना तिथे लवकर करमतं, हा आमचा अनुभव.

पण देश सहलीत कळत नाही. थायलंडमधलं चियांग माई शहर डिसेंबरात पाहून लोक प्रेमात पडतात. तिथेच मार्चमध्ये शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर कोंडतो. दमा असलेल्याने ते दिवस तिथे काढून पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. पोर्तुगालच्या पोर्तो शहरात जानेवारीत पाऊस आणि ओल असते आणि बऱ्याच जुन्या घरांत उबेची सोय नसते. मॉरिशसला नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा हंगाम. म्हणून आम्ही आग्रह धरतो की त्या देशाच्या सगळ्यात वाईट महिन्यात चार आठवडे भाड्याच्या घरात राहून या. स्वयंपाक करा, भाजी आणा, रक्तदाबाच्या गोळ्या तिथल्या दुकानात मिळतात का ते पाहा, जवळच्या रुग्णालयात एकदा दाखवून या. आपल्याकडच्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी उपचाराचा खर्च भारतातच देतात, तेव्हा तिथला विमा तुमच्या वयाला केवढ्याला पडतो हेही तेव्हाच विचारा.

पहिल्या भेटीची फी का, असं बरेच जण विचारतात. नुसता अर्ज भरून देणारे आमच्याहून स्वस्त मिळतील. आम्ही मात्र तासभर तुमची पेन्शन, आजार, घरचे सगळं ऐकून घेतो, आणि पटलं नाही तर "जाऊ नका" असंही सांगतो. त्या वेळेचे ते पैसे आहेत. पुढे काम आमच्याकडे दिलंत तर ही रक्कम एकूण बिलातून वजा होते. राहून पाहण्याच्या महिन्यासाठी घर शोधून देण्याचं कामही आम्ही करतो.

येताना दोघांचे पासपोर्ट, पेन्शनचा कागद आणि रोजच्या औषधांची चिठ्ठी एवढंच आणा. शक्यतो दोघंही या.