पहाऱ्यावरून न उतरलेलं लक्ष

अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांना तपासताना जेकब दा कोस्टा या डॉक्टरांना एक कोडं पडलं होतं. छातीत धडधड, धाप, थकवा, सगळं होतं. हृदयात मात्र दोष सापडत नव्हता. 1871 साली त्यांनी या दुखण्याला ‘चिडखोर हृदय’ म्हटलं. म्हणजे पहिला संशय छातीवर गेला, डोक्यावर नाही.

पहिलं महायुद्ध चालू असताना, 1915 मध्ये, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन सैनिकांची हकीकत छापली आणि ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकात आला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मज्जासंस्था दुखावते, अशी तेव्हाची समजूत. हादरा न बसलेलेही थरथरू लागले, तेव्हा ती डळमळली. मग उरला भित्रेपणाचा शिक्का. पळून जाणं, भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटिश लष्कराने गोळ्या घातलेल्या 306 जणांना माफी मिळाली ती थेट 2006 मध्ये.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत 1952 साली युद्धताणाला जागा मिळाली. 1968 च्या आवृत्तीत ती गेली. व्हिएतनाम युद्ध ऐन भरात असताना! परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी लावून धरल्यावर 1980 मध्ये ‘पीटीएसडी’ (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे भीषण अनुभवानंतर मागे राहिलेला मनोविकार) हे नाव आलं.

नाव मिळालं तसं मोजमापही वाढलं. 1990 मधला एक प्रयोग साधाच होता. पडद्यावर शब्द दिसतो, तो वाचायचा नाही, फक्त शाईचा रंग सांगायचा. पीटीएसडी असलेले व्हिएतनामचे सैनिक एरवीच्या शब्दांवर अडखळत नव्हते. प्रेतांच्या पिशव्यांसारखा युद्धातला शब्द आला की मात्र रंग सांगायला वेळ लागे. घरचे म्हणतात, ‘यांचं लक्षच नसतं’. लक्ष असतं, पण ते डोळ्यांत तेल घालून भलत्याच दाराशी बसलेलं असतं.

1995 मध्ये एमआरआयवर अशा सैनिकांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी निगडित भाग, लहान दिसला. युद्धाने मेंदू झिजवला, असाच अर्थ सगळ्यांनी काढला असता. पण 2002 मध्ये जुळ्या भावांचा अभ्यास आला. एक व्हिएतनामला गेलेला, दुसरा घरीच राहिलेला. आजारी सैनिकाच्या घरी राहिलेल्या भावाचाही हिप्पोकॅम्पस लहानच निघाला! लहान हिप्पोकॅम्पस हा निदान काही अंशी आधीपासूनचा कच्चा दुवा असू शकतो. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो.

भावाऐवजी त्याच सैनिकाची त्याच्याशीच तुलना करायची, तर युद्धाआधीची चाचणी हाताशी हवी. इराक युद्धाच्या वेळी अमेरिकन सैनिकांबाबत ती सोय झाली. 2006 मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार, मोहिमेवर जाऊन आलेले सैनिक बराच वेळ लक्ष टिकवण्याच्या कामात, शब्द लक्षात ठेवण्यात मागे पडले होते. यात पीटीएसडी नसलेलेही होते. खूण दिसताच बटण दाबायच्या साध्या चाचणीत मात्र त्यांचा हात पूर्वीपेक्षा जलद चालत होता.