कराचीचे बेने इस्राएल

सिंधमधील कराची शहरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नांदलेला लहानसा ज्यू समाज. यांतील बहुतेक कुटुंबे कोकणातून व मुंबईतून तिकडे गेलेली बेने इस्राएल होती. त्यांची घरची भाषा मराठी आणि आडनावे ‘कर’ लावणारी. पाकिस्तानातील ज्यूंबद्दल लिहिताना ही गोष्ट बहुधा ओळीभरात उरकली जाते. खरे तर ती मराठी माणसांच्या स्थलांतराच्या इतिहासातलेही एक पान आहे.

बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली. पुढे कोकणच्या खेड्यांत ते तेलघाणे चालवू लागले. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. कंपनी सरकारच्या काळात त्यांतील पुष्कळ जण मुंबईच्या पलटणीत शिरले आणि सुभेदारीपर्यंत चढले. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला व १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. १९३६ पर्यंत कराचीचा कारभार मुंबईहूनच चाले. त्यामुळे मुंबईच्या माणसाला कराची परमुलूख नव्हती. आगबोटीत बसायचे आणि बदलीच्या गावी उतरायचे. पलटण, रेल्वे, नगरपालिका, सरकारी कचेऱ्या अशा नोकऱ्यांमागोमाग घरे तिकडे गेली. १८८१ च्या शिरगणतीत साऱ्या सिंधमध्ये १५३ ज्यू होते. १९०१ मध्ये ते ४२८ झाले व त्यांतले जवळजवळ सगळे कराचीत राहत. त्याच वाटेने इतर मराठी माणसेही आली. शहरातील सरकारी हायस्कूल आजही नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने ओळखले जाते. कराचीत थोडी मराठी हिंदू घरे अजून आहेत आणि तेथे गणपती बसतात.

समाजाला ठिकाण मिळवून दिले ते सॉलोमन डेव्हिड उमरडेकर यांनी. ते नगरपालिकेत सर्व्हेअर होते. १८९३ मध्ये त्यांनी रणछोड लाइन भागात, लॉरेन्स रोड आणि जमिला स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर, पदरच्या पैशाने ‘मागेन शालोम’ हे प्रार्थनालय उभारले. या हिब्रू नावाचा अर्थ ‘शांतीची ढाल’. पुढे त्यांचे पुत्र गेर्शोन सॉलोमन यांनी वास्तू वाढवली. पगारदार माणसाने सगळ्या जमातीसाठी आपल्या कमाईतून एवढी इमारत बांधावी, यात त्या काळच्या बेने इस्राएलांची उमेद दिसते. मुंबईतील पहिले प्रार्थनालय १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हेही पलटणीतले नोकरदारच होते.

कराचीच्या मुसलमान शेजाऱ्यांनी मागेन शालोमला ‘यहुदी मस्जिद’, ‘इस्राएली मस्जिद’ अशी नावे दिली. यात परकेपणा होता असे मानण्याचे कारण नाही. मुंबईत बेने इस्राएल स्वतःच आपल्या प्रार्थनालयाला मशीद म्हणत. दिवेकरांनी बांधलेले ते ‘जुनी मशीद’ आणि नंतरचे ‘नवी मशीद’. ‘सिनेगॉग’ हा शब्द इंग्रजी शाळेतून आला, मशीद मात्र घरातली होती.

समाज लहान असला तरी त्याची घडी नीट बसवलेली होती. १९०३ मध्ये यंग मॅन्स ज्युइश असोसिएशन ही तरुणांची संस्था निघाली. गरजूंसाठी बेने इस्राएल मदतनिधी होता. १९१८ मध्ये कराची ज्युइश सिंडिकेट स्थापन झाले. गरीब कुटुंबांना परवडणाऱ्या भाड्यात घरे मिळवून देणे हे त्याचे काम. १९३६ मध्ये समाजाचे पुढारी अब्राहम रूबेन कामारलेकर कराचीच्या महापालिकेत नगरसेवक झाले.  फ्लॅगस्टाफ हाउस आणि म्यूल्स मॅन्शन या वास्तूंचे रचनाकार मोझेस सोमेक हेही कराचीच्या ज्यूंमध्ये गणले जातात, पण ते बेने इस्राएल नव्हते. कराचीतल्या गोवेकरांच्या असोसिएशनची इमारतही त्यांचीच रचना मानली जाते. कराचीबाहेर पेशावरला थोडे ज्यू होते, त्यांची कथा वेगळी.

या समाजाची खरी ओळख मलिद्याच्या ताटात सापडते. लग्न ठरले, नवस फेडायचा असला, घरात काही शुभ घडले की बेने इस्राएल प्रेषित एलियाहूच्या नावाने मलिदा करतात. पोहे भिजवून त्यांत ओले खोबरे, साखर, वेलची आणि सुका मेवा कालवायचा, भोवती फळे मांडायची आणि ‘एलियाहू हन्नाबी’ हे हिब्रू गीत म्हणून ताट वाटायचे. हिब्रू प्रार्थना आणि कोकणातले पोहे-खोबरे यांचा असा मेळ जगात दुसऱ्या कुठल्या ज्यू समाजात नाही. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या वारी, द्राक्षासवाऐवजी काळ्या मनुकांचे सरबत चाले. मांसाबरोबर दूध वर्ज्य, म्हणून रस्सा नारळाच्या दुधाचा. पेसाह सणाच्या रात्री वाचायची हग्गादा ही पोथी मराठी अर्थासह छापलेली मिळे. घर मुंबईत असो की कराचीत, हा संसार तोच राहिला.

११ ऑगस्ट १९४७ रोजी कराचीतच संविधान सभेपुढे बोलताना जिनांनी सांगितले होते की तुमचा धर्म, जात वा पंथ कोणताही असो, राज्याच्या कारभाराशी त्याचा संबंध नाही. त्या वेळी शहरात किती ज्यू होते याचे हजारापासून अडीच हजारांपर्यंत आकडे दिले जातात. फाळणीने त्यांच्या पायाखालची व्यवस्थाच बदलली. मुंबई आता दुसऱ्या देशात गेली. सोयरिकी, सुट्टीतली ये-जा, धर्मग्रंथ, सारे त्याच वाटेने येत असे. शिवाय निर्वासितांच्या लोंढ्याने शहर अनोळखी झाले. मग मे १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र जाहीर झाले आणि कराचीतील निदर्शनांच्या वेळी ज्यूंवर हल्ले झाले, मागेन शालोमलाही झळ पोचली.

या जमातीवर ओढवलेले संकट तिच्या नावातच होते, आणि ते फार जिव्हारी लागणारे आहे. पूर्वी यांनी ‘यहुदी’पेक्षा ‘बेने इस्राएल’ म्हणवून घेणे पसंत केले. कुराणात ‘बनी इस्राईल’ हा शब्द येतो आणि मुसलमान शेजाऱ्यांत तो अधिक आदराचा वाटे. १९४८ नंतर त्या नावातला ‘इस्राएल’ एका शत्रुराष्ट्राचा झाला. अलिबागच्या तेलघाण्यांवर आणि कराचीच्या कचेऱ्यांत राबलेल्या माणसांचा त्या राष्ट्राच्या राजकारणाशी काय संबंध? पण पुढे १९५६ आणि १९६७ ची युद्धे झाली आणि प्रत्येक वेळी कराचीतली आणखी काही घरे बंद झाली. बहुतेक जण आधी मुंबईला परतले, तेथून पुष्कळ इस्राएलला गेले. काहींनी इंग्लंड गाठले. १९६८ च्या सुमारास पाकिस्तानात साडेतीनशेच्या आसपास ज्यू उरले होते, जवळजवळ सगळे कराचीत. पाकिस्तानी पारपत्रावर ते इस्राएल सोडून सर्व देशांसाठी वैध असल्याचे छापलेले असते. ज्यांचे भाऊबंद इस्राएलमधील रामले वा अश्दोदला होते त्यांच्यासाठी ती ओळ म्हणजे बंद दार होते.

प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमेनासे झाले तशी मागेन शालोमची दारे लागली. झिया-उल-हक यांच्या कारकिर्दीत, जुलै १९८८ मध्ये, इमारत पाडण्यात आली. त्या जागी मदिहा स्क्वेअर हे व्यापारी संकुल उभे आहे. पंचाण्णव वर्षे उभी असलेली, एका सर्व्हेअरने स्वतः बांधलेली वास्तू जपायला हवी होती. शहराने आपल्याच एका नागरी सेवकाची आठवण पुसली.

ल्यारी भागात मेवा शाह दफनभूमीच्या एका कोपऱ्यात बेने इस्राएलांच्या कबरी मात्र आहेत. काटेरी झुडपांनी वाट अडवलेली, दगड खचलेले. सॉलोमन डेव्हिड यांची कबर इथेच आहे. त्यांनी समाजाचे हित नेहमी पाहिले आणि स्वखर्चाने सुंदर प्रार्थनालय बांधले, असे तिच्यावर कोरले आहे. या कबरींची राखण स्थानिक मुसलमान कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या केली.

इस्राएलच्या रामले गावात कराचीहून गेलेल्या बेने इस्राएलांनी नवे प्रार्थनालय उभारले आणि त्याला तेच नाव दिले, मागेन शालोम.