ट्रे फ्लिप

ट्रे फ्लिप : स्केटबोर्डिंगमधील एक प्रगत ट्रिक. ‘३६० फ्लिप’ हे तिचेच दुसरे नाव. खेळाडू उडी घेतो तेव्हा पायाखालचा बोर्ड आडवा ३६० अंश फिरतो आणि त्याच वेळी स्वतःच्या लांबीभोवती एक पलटीही मारतो. खेळाडू स्वतः फिरत नाही. बोर्ड पायाला कशानेही बांधलेला नसतो, त्यामुळे तो सुटून जाऊ न देता पुन्हा पायाखाली आणणे हेच खरे कसब.

या ट्रिकचे मूळ ऑलीत आहे. अ‍ॅलन गेलफंड या फ्लोरिडातील मुलाने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात उतरत्या भिंतींच्या तलावासारख्या खळग्यांत हात न लावता बोर्डासह उडी घेतली. तिला त्याच्याच टोपणनावावरून ‘ऑली’ म्हणतात. फ्लोरिडाच्याच रॉडनी मलनने पुढे ती सपाट जमिनीवर आणली. किकफ्लिप (बोर्ड स्वतःच्या लांबीभोवती एकदा पलटवणारी ट्रिक) आणि ३६० फ्लिपही १९८०च्या दशकात त्यानेच घडवल्या. नंतर अभिनेता झालेला जेसन ली १९९०च्या सुमारास याच ट्रिकसाठी नावाजलेला होता.

शिकणाऱ्याचे लक्ष बहुधा पुढच्या पायावर असते, कारण फ्लिप तोच पाय देतो. प्रत्यक्षात बहुतेक काम मागचा पाय करतो. त्याचा चवडा टेलच्या, म्हणजे मागच्या उचललेल्या भागाच्या, बोटांकडील कोपऱ्यावर ठेवतात. बोटे कडेबाहेर किंचित डोकावतात आणि टाच अधांतरी राहते. पुढचा पाय पुढच्या बोल्टांच्या, म्हणजे चाकांचा सांगाडा बोर्डाला जोडणाऱ्या स्क्रूंच्या, बराच मागे, जवळजवळ बोर्डाच्या मध्यावर, तिरपा असतो. त्याची टाच टाचेकडील कडेबाहेर येते. उडी घेताना टेल नुसती खाली आपटून चालत नाही. ती खाली दाबता दाबताच खेळाडूच्या पाठीच्या दिशेला ओढावी लागते. या ओढीला ‘स्कूप’ म्हणतात. स्कूप नेमका बसला की बोर्ड फिरू लागतो, पलटीचीही निम्मी सोय होते. मग पुढच्या पायाने नोजच्या, म्हणजे पुढच्या उचललेल्या भागाच्या, टाचेकडील कडेवरून, बुटाला चिकटलेला कागद झटकावा इतकाच झटका द्यायचा आणि लगेच गुडघा वर घेऊन बोर्डाला वाट मोकळी करायची. जोर लावून लाथ मारली की बोर्ड पुढे पळतो.

फसण्याचे दुसरे कारण खांदे. स्कूपच्या ओढीने वरचे अंगही वळू पाहते. ते वळले की पुढचा पाय बोर्डावर आणि मागचा जमिनीवर अशी अर्धवट उतरण होते. म्हणून खांदे बोर्डाला समांतर आणि वजन बोर्डाच्या मध्यावर ठेवतात. भीतीने मागे झुकणारा खेळाडू बोर्डाच्या मागेच उतरतो. ही भीती जाते ती सरावानेच, सूचनांनी नव्हे.

बोर्डाची ग्रिपटेप, म्हणजे वरच्या बाजूला चिकटवलेला खरखरीत थर, वर दिसली की पलटी पुरी झाली असे समजून पाय खाली आणतात. कसलेले खेळाडू बोर्ड जमिनीला टेकण्याआधी हवेतच पायांनी धरतात. त्याला ‘कॅच’ म्हणतात. पाय बोल्टांवर पडले तर उतरण घट्ट बसते. टेलच्या टोकावर भार आला तर बोर्ड मोडूही शकतो.

डावा पाय पुढे ठेवणारा ‘रेग्युलर’, उजवा ठेवणारा ‘गूफी’. दोघांसाठी कृती एकच, आरशातल्यासारखी उलट. नेहमीच्या उलट पायावर केलेल्या ‘स्विच’ ट्रे फ्लिपला मात्र सारे नव्याने शिकावे लागते.