प्रत्येक जुनं चित्र लिथो नसतं

जुन्या चित्रग्रंथांच्या विक्रीयाद्यांत एकच शिक्का सगळीकडे मारलेला दिसतो: 'रंगीत लिथो', म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र. डॅनियल या इंग्रज चित्रकार काका-पुतण्यांचं वेरूळ लिथो, स्विस चित्रकार बोडमरचे मंडान (अमेरिकेतली एक मूळ जमात) लिथो, अमेरिकन चित्रकार कॅटलिनचे मंडानही लिथो. यातला लिथो फक्त कॅटलिन. बाकी दोघे अ‍ॅक्वाटिंट, म्हणजे धातूचा पत्रा आम्लाने कोरून छापलेले.

शिळाछाप पोथ्या हाताळणाऱ्याला लिथो माहीत असतोच: सपाट दगड, तेलकट खडू, वर दाबलेला कागद. कॅटलिनच्या 1844 च्या लंडन पोर्टफोलिओतली 25 चित्रं अशीच छापली आहेत. बोडमरने अमेरिकेच्या प्रवासात 1833-34 चा हिवाळा मिसुरी नदीकाठी फोर्ट क्लार्कला काढला. त्या प्रवासाच्या ग्रंथातली त्याची 81 चित्रं मात्र धातूच्या पत्र्यावरून उतरली.

अ‍ॅक्वाटिंटमध्ये पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवून तो तापवतात. कण चिकटतात, आम्ल कणांच्या मधली जागा खातं आणि शाई त्या खळग्यांत भरते. त्यामुळे कागदावर कणांच्या जागी पांढरी बेटं उरतात, भोवती शाईचं सलग जाळं. लिथोत नेमकं उलटं. खडू दगडाच्या खरखरीत उंचवट्यांवरच लागतो, म्हणून पांढऱ्यावर काळे, सुटे, वेडेवाकडे ठिपके. दहापट भिंगातून हे स्वच्छ दिसतं, पण बघायची जागा चुकली तर भिंग असूनही फसगत होते. गडद सावलीत लिथोचे ठिपकेही एकमेकांना भिडतात, मध्ये पांढरे कण उरतात आणि माणूस अ‍ॅक्वाटिंट समजून बसतो. मध्यम छटा शोधा: आभाळाचा करडा भाग, डोंगराची फिकी बाजू. ठिपके एकसारख्या ओळींत दिसले तर ती हल्लीची ऑफसेट प्रत. पुढे बघूच नका.

रंगावरून काही ठरत नाही, दोन्हीकडे तो हातानेच भरलेला असू शकतो. बोडमरची चित्रं बिनरंगीही निघाली होती. नव्याने रंगवलेल्या पानापेक्षा स्वच्छ बिनरंगी पान कधीही घ्यावं. मागाहून रंग भरण्याने चांगल्या छापाचं वाटोळंच होतं.

पत्र्याच्या कडेची चौकोनी दाबखूणही पुरावा नव्हे. बांधणीवाला ती कापून टाकतो आणि नकलेवर ती मुद्दाम उठवताही येते.

भिंग एका बाबतीत मात्र हात टेकतं. बोडमरच्या मूळ पत्र्यांवरून 1922 साली लाइपझिगला पुन्हा छपाई झाली. ते अ‍ॅक्वाटिंटच, पण पहिल्या आवृत्तीतले नव्हेत. तिथे कागद पाहावा लागतो. पान उजेडासमोर धरा. जलचिन्हात, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेल्या खुणेत, साल असेल आणि ते ग्रंथाच्या शीर्षकपानावरच्या सालानंतरचं असेल, तर छपाई नंतरची. विक्रेत्याकडून अख्ख्या पानाचा देखणा फोटो घेऊन उपयोग नाही. आभाळाच्या बोटभर भागाचा जवळून काढलेला एक आणि मागून उजेड टाकलेला एक, असे दोन मागा. दोन्ही मिळेपर्यंत पैसे पाठवू नका.